ऑक्सिमीटर ९९ दाखवतो, हिमोग्लोबिन ७.६ आहे; मग जिन्यात धाप का लागते?

ऐरोलीकर

मंडळी, डॉक्टरांकडे जाणार आहोतच, त्यामुळे फक्त "डॉक्टरांना दाखवा" एवढं उत्तर नको आहे. मला हे समजून घ्यायचं आहे.

आम्ही ऐरोलीत सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. बायको ४१ वर्षांची. गेले काही महिने ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबते, कठडा धरते, श्वास जुळला की पुढे येते. आम्ही दोघंही वय, वजन, दमट हवा असंच म्हणत राहिलो. परवा तिच्या ऑफिसच्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.६ निघालं. पाळीत रक्तस्राव खूप होतो, हे तिने तेव्हा कुठे सांगितलं.

कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर घरात होता. तिच्या बोटाला लावला तर ९९. जिना चढून आल्यावर लावला, तरी ९८. माझे मोठे मेव्हणे म्हणाले, "रक्तात ऑक्सिजन पूर्ण आहे, फुफ्फुसं उत्तम आहेत, उगाच घाबरू नका." शेजारच्या काकूंचं म्हणणं, मेडिकलमध्ये ऑक्सिजनचा कॅन मिळतो, तो आणून ठेवा, जिना चढून आली की दोन-चार वेळा ओढायचा.

माझा प्रश्न असा: ऑक्सिजन ९९ टक्के असेल तर धाप कशाची? आणि नसेल तर मशीन ९९ का दाखवतंय? कोणीतरी नीट फोड करून सांगा. मी कॉमर्सचा माणूस आहे, पण हिशेब कळतो.

येऊर_सकाळी

मेव्हण्यांचं निम्मं बरोबर आहे. फुफ्फुसं उत्तम असतील. पण ७.६ म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारी माणसंच कमी आहेत. मी डॉक्टर नाही, वर्तकनगरहून येऊरला पळायला जातो एवढंच, त्यामुळे पुढचं जाणकारांनी सांगावं. इथे एक लॅबवाल्या ताई आहेत, त्या नक्की लिहितील.

लॅबवाली_ठाणे

लिहितेच. ऐरोलीकर दादा, मी मेडिकल लॅब टेक्निशियन आहे, राहणं आणि काम दोन्ही ठाण्यात. बरीच वर्षं आयसीयूला लागून असलेल्या लॅबमध्ये एबीजीचं मशीन सांभाळलं. मनगटातल्या धमनीतून रक्त काढतात, हेपरिनच्या सिरिंजमध्ये, आणि त्यात ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता किती ते हे मशीन मोजतं. तुमचा प्रश्न मला नातेवाइकांनी कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलेला आहे, आणि तिथे उभ्या उभ्या कधीच पुरतं सांगता आलं नाही. म्हणून इथे सावकाश सांगते.

त्याआधी एकच गोष्ट. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला अ‍ॅनिमिया म्हणते, आणि ८ च्या खाली गेलं की तीव्र अ‍ॅनिमिया. वहिनी तीव्र गटात आहेत. फिजिशियन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांनाही याच आठवड्यात दाखवा. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत.

आता ९९. तो आकडा खरा आहे, मशीन बिघडलेलं नाही. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश फारसा अडवत नाही, रिकामं हिमोग्लोबिन जास्त अडवतं. प्रत्येक ठोक्याला बोटातल्या धमन्यांमध्ये रक्त उसळतं, त्या उसळीपुरताच हिशेब केला की धमनीतल्या रक्ताचं सॅच्युरेशन कळतं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. पण यातून निघते ती फक्त टक्केवारी. आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेलं आहे, एवढंच. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, ते या यंत्राला कळायला मार्गच नाही. टाकी काठोकाठ भरलेली आहे दादा, पण टाकीच जवळजवळ अर्ध्या मापाची झालेली आहे.

तुम्ही हिशेबाचे आहात तर आकडे घ्या. १ ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर साधारण १.३४ मिलि ऑक्सिजन धरतं. एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन १३, म्हणजे १०० मिलि रक्तात १३ ग्रॅम, असेल तर तेवढ्या रक्तात सुमारे १७ मिलि ऑक्सिजन मावतो. वहिनींच्या १०० मिलि रक्तात ७.६ गुणिले १.३४ गुणिले ०.९९, म्हणजे जेमतेम १०. ऑक्सिमीटर दोघींच्या बोटाला ९९ च दाखवणार.

रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, नुसता विरघळलेला ऑक्सिजनही असतो, पण तो किती? १०० मिलिमध्ये ०.३ मिलि. हिमोग्लोबिन नसतं तर आपल्याला एवढ्यावरच जगावं लागलं असतं. अंटार्क्टिक समुद्रात आइसफिश नावाचे मासे खरंच हिमोग्लोबिनशिवाय जगतात, त्यांचं रक्त पांढुरकं असतं. पण तिथलं पाणी गोठणबिंदूच्या आसपास असतं आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. आपल्या ३७ अंशाच्या शरीरात ते शक्य नाही.

काकूंचा कॅन याच हिशेबात बसवून बघा. जे हिमोग्लोबिन ९९ टक्के भरलेलं आहे त्यात आणखी १ टक्काच भरता येतो. राहिला विरघळलेला भाग. हॉस्पिटलमध्ये घट्ट मास्क लावून १०० टक्के ऑक्सिजन सतत दिला, तर तो ०.३ वरून फार तर १.८ च्या आसपास जातो. अगदीच रक्त कमी असलेल्या पेशंटला रक्ताची सोय होईपर्यंत डॉक्टर ऑक्सिजन लावतात तो या दीड मिलिसाठी, तेव्हा तेवढंही मोलाचं असतं. कॅनमधून ओढलेले दोन-चार श्वास मात्र मिनिटभरात संपतात. ते पैसे ठेवा, पुढच्या तपासण्यांना लागतील.

आणि एक बोलू का? "बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं" हे वाक्य मला ऐकवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया अ‍ॅनिमियाच्या निघाल्या. खूप जणींना आहे म्हणून ते साहजिक ठरत नाही. वहिनी वळणावर कठडा धरतात तेव्हा त्यांचं हृदय किती काम करत असतं ते पुढे सांगते.

ऐरोलीकर

ताई, मनापासून आभार. बायकोही वाचतेय. स्त्रीरोगतज्ज्ञांची शुक्रवारची वेळ घेतली, फिजिशियनकडे उद्याच जातोय.

१७ आणि १० चा हिशेब कळला. पण मग दुसराच प्रश्न पडला. १० मिलि तरी आहे ना? सोफ्यावर बसलेली असताना तिला काहीच होत नाही. मग जिन्यातच काय होतं?

नेरुळ_बारावी

मी मध्येच विचारू का? मी बारावी सायन्सला आहे. आमच्या पुस्तकात दिलंय की १०० मिलि रक्त पेशींना साधारण ५ मिलि ऑक्सिजन देतं. निरोगी माणसाच्या रक्तात २० असतो. मग उरलेला १५ कशासाठी फिरवायचा? आणि क्लासमध्ये सांगितलं की हिमोग्लोबिनला एक ऑक्सिजन चिकटला की पुढचा आणखी सहज चिकटतो. इतकी ओढ असेल तर ते सोडतं तरी कसं? सर म्हणाले, "आलेख एस आकाराचा असतो, एवढं लक्षात ठेव."

लॅबवाली_ठाणे

बाळा, आलेख तर लक्षात ठेवच, पण तू विचारलेला प्रश्नच या सगळ्याचा गाभा आहे. ऑक्सिजन धरून ठेवणं सोपं आहे. नुसतं घट्ट धरणारं हिमोग्लोबिन असतं तर फुफ्फुसातून भरून निघालं असतं आणि तसंच भरलेलं परत आलं असतं. योग्य जागी सोडून देणं, तेही जिथे गरज जास्त तिथे जास्त, हे खरं अवघड काम.

दादांच्या आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. निवांत बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलि ऑक्सिजन लागतो. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. हिमोग्लोबिन १५ असेल तर त्या ५ लिटरमध्ये १००० मिलि ऑक्सिजन, म्हणजे चौथा हिस्सा वापरला आणि तीन हिस्से परत आले. ते तीन हिस्से वाया जात नाहीत, ती शिल्लक आहे. तू बस पकडायला धावलास की स्नायू त्याच शिल्लकीवर हात टाकतात.

एबीजीच्या मशीनवर ही शिल्लक आम्हाला रोज दिसायची. कधी कधी सुई धमनीऐवजी शिरेत जाते. सिरिंज हातात आली की रंगावरूनच शंका येते. धमनीचं रक्त लालभडक, शिरेचं गडद, पिकलेल्या कोकमासारखं. (शिरा कातडीखालून निळ्या दिसतात म्हणून रक्त निळं असतं असं अजूनही कुणी कुणी समजतं. रक्त कधीच निळं नसतं.) मशीन कागद बाहेर टाकतं, त्यावर ऑक्सिजनचा दाब ४० च्या आसपास, सॅच्युरेशन ७०-७५. वॉर्डात फोन करायचा, "सिस्टर, व्हेनस आलंय, परत काढायला सांगा." म्हणजे जे रक्त शरीरभर फिरून, ऑक्सिजन वाटून परत निघालंय, तेही तीन चतुर्थांश भरलेलंच असतं.

आता वहिनींचं बघा. ५ लिटरमध्ये त्यांच्याकडे ५०० मिलि. बसल्या बसल्या त्यातला निम्मा लागतो. शिल्लक मुळातच थोडी. पहिल्या मजल्यापर्यंत भागतं, दुसऱ्यावर मांड्यांच्या स्नायूंची मागणी कितीतरी पट झालेली असते. हृदय जोरात धावून तेच थोडं रक्त जास्त वेळा फिरवायला बघतं. म्हणूनच छातीत धडधडतं. दादा, त्या वर आल्यावर ऑक्सिमीटरचा दुसरा आकडा, नाडीचा, बघितलात का? सॅच्युरेशनपेक्षा तिथे जास्त कळेल.

आता सुटतं कसं. हिमोग्लोबिनच्या रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येकीत एक हीम, म्हणजे चपट्या चकतीसारखी रचना, आणि हीमच्या मधोमध लोहाचा एकच अणू. त्या एका अणूवर एक ऑक्सिजन बसतो. रेणू रिकामा असतो तेव्हा हा लोहाचा अणू हीमच्या पातळीच्या किंचित बाहेर असतो. ऑक्सिजन बसला की तो आत खेचला जातो, जाताना आपल्याला जोडलेला हिस्टिडिनचा (साखळीतल्या एका अमिनो आम्लाचा) धागा ओढतो, त्या ओढीने साखळी सरकते, आणि रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी वळतो. वळला की उरलेल्या जागा ऑक्सिजन सहज घेतात. मॅक्स पेरुट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये १९३७ साली हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडायला सुरुवात केली. रेणूचा आकार हाती लागेपर्यंत १९५९ उजाडलं. १९६२ ला नोबेल मिळालं. आणि ही लोहाच्या सरकण्याची यंत्रणा त्याने १९७० मध्ये मांडली. एका रेणूपायी एवढी वर्षं! मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

तुझा "मग सोडतं कसं" याचा जुगाड इथेच आहे. तीच क्रिया उलटी चालते. पहिला ऑक्सिजन सुटला की रेणू ताणलेल्या, म्हणजे रिकामा असतानाच्या, रूपाकडे झुकतो आणि बाकीच्यांची पकड ढिली होते. तुझ्या आलेखात आडवा ऑक्सिजनचा दाब आणि उभं हिमोग्लोबिन किती टक्के भरलं ते असतं. फुफ्फुसाच्या वायुकोशात ऑक्सिजनचा दाब १०० मिमी पारा, तिथे हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरतं. दाब ६० पर्यंत उतरला तरी ९० टक्के भरलेलंच राहतं, ही आलेखाची सपाट माथ्याची बाजू. निवांत स्नायूजवळ ४०, तिथे ७५ टक्के. पुढे मात्र कडा लागतो: २७ ला निम्मं, २० ला जेमतेम एक तृतीयांश. दाब थोडासा पडला की ऑक्सिजन भराभर सुटतो. एस आकार म्हणजे हेच. वर सपाट म्हणून फुफ्फुसात बिनधोक भरतं, खाली उतार म्हणून पेशींजवळ झटकन रिकामं होतं.

येऊर_सकाळी

ताई, माझाही एक अनुभव. येऊरच्या चढावर पाय शिशासारखे होतात तेव्हा मी बोटाला यंत्र लावून बघितलंय, ९७. मला वाटायचं मशीन स्वस्तातलं आहे.

लॅबवाली_ठाणे

मशीन ठीक आहे. ते बोटात जाणारं रक्त मोजतं, मांडीतून निघणारं मोजत नाही. तिथून निघणारं रक्त तेव्हा बरंच रिकामं झालेलं असतं.

आणि चढावर आणखी काही तुमच्या बाजूने उभं राहतं. राबणारा स्नायू गरम होतो, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल सोडतो. या तिन्हींमुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम १९०४ मध्ये कोपनहेगनला ख्रिस्तियान बोर यांनी हॅसलबाल्ख आणि क्रोग यांच्यासह दाखवला. अणूचं मॉडेल देणारे नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव. तांबड्या पेशीत कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं एन्झाइम असतं, ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी जोडून आम्ल तयार करतं, तेही क्षणार्धात. त्यातला हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो आणि ऑक्सिजन सुटायला मदत होते. उरलेलं बायकार्बोनेट प्लाझ्मातून फुफ्फुसाकडे जातं. तिथे सगळं उलटं घडतं: ऑक्सिजन चढतो, हायड्रोजन आयन सुटतात, कार्बन डायऑक्साइड परत वायू होऊन श्वासावाटे बाहेर. कुठलाही हुकूम नाही, मेंदूचा निरोप नाही. स्नायूने जेवढं काम केलं त्याच्या उष्णतेवर आणि आम्लावर ठरतं किती ऑक्सिजन उतरवायचा.

आणि हे सगळं वाहणारी तांबडी पेशी स्वतः त्यातला कणभरही ऑक्सिजन वापरत नाही. तिच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग, नसतात, ती ग्लुकोज ऑक्सिजनशिवायच मोडून आपलं भागवते. साधारण १२० दिवस हे काम करते आणि मग प्लीहेत मोडीत निघते. तिचं लोह मात्र शरीर टाकून देत नाही, नव्या पेशीसाठी ठेवतं.

लॅबवाली_ठाणे

ऐरोलीकर दादा, वर एक गोष्ट राहिली, ती तुमच्यासाठी महत्त्वाची.

अपघातात रक्त जाऊन कुणाचं हिमोग्लोबिन काही तासांत ७.६ वर आलं तर तो माणूस आडवा पडतो. वहिनी मात्र ऑफिसला जातात, घर सांभाळतात. कारण त्यांचं हळूहळू उतरलंय आणि शरीराने सवड मिळताच तजवीज केली. तांबड्या पेशींत २,३-बीपीजी नावाचं एक छोटं संयुग असतं, जुने लोक डीपीजी म्हणतात. रिकाम्या हिमोग्लोबिनच्या दोन बीटा साखळ्यांमधल्या पोकळीत ते जाऊन बसतं आणि रेणूला ताणलेल्या रूपात धरून ठेवतं, म्हणजे ऑक्सिजन सोडायला भाग पाडतं. त्याचं हे काम १९६७ मध्ये उजेडात आलं. अ‍ॅनिमिया रेंगाळला की पेशी हे बीपीजी जास्त बनवतात. वहिनींकडे हिमोग्लोबिन कमी आहे, पण जे आहे ते निरोगी बाईच्या हिमोग्लोबिनपेक्षा जास्त मोकळ्या हाताने देतंय. उंच पहाडावर राहायला गेलेल्यांमध्येही बीपीजी असंच वाढतं.

उलट उदाहरण गर्भाचं. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात, त्यांच्यावर बीपीजी नीट बसत नाही, म्हणून बाळाचं रक्त ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं आणि वारेत आईच्या रक्ताकडून ओढून घेऊ शकतं. आणि ब्लड बँकेतली पिशवी! २ ते ६ अंशांवर ठेवलेल्या रक्तातलं बीपीजी पहिल्या दोन आठवड्यांतच बरंच उतरतं. पेशंटच्या अंगात गेल्यावर एक-दोन दिवसांत ते पुन्हा भरून येतं. वहिनींना रक्त चढवायचं की शिरेतून लोह द्यायचं की गोळ्यांवर भागेल, हे डॉक्टर त्रास बघून ठरवतील. चढवावं लागलं तर घाबरू नका.

ही तजवीज आहे म्हणूनच त्या इतके महिने निभावून नेऊ शकल्या, आणि तिच्यामुळेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

कोपरीकर

फार उपयोगी धागा. माझा थोडा वेगळा प्रश्न. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमच्या आतच गॅस गिझर आहे, खिडकी लहान. आईला आंघोळीनंतर डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं. ऑक्सिमीटर लावतो, ९९ येतो, म्हणून निश्चिंत होतो. आता हे वाचून धास्ती वाटली.

लॅबवाली_ठाणे

कोपरीकर, गिझर आत्ता बंद करा. उद्या नाही, आत्ता. आईंना आणि घरातल्या सगळ्यांना मोकळ्या हवेत बसवा, आजच डॉक्टरांकडे न्या आणि "कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे" असं स्पष्ट शब्दांत सांगा.

बंद जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही. तो लोहाच्या त्याच जागेवर बसतो जिथे ऑक्सिजन बसायचा, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिनही लालभडक असतं आणि तुमचा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजन धरलेलं समजतो. त्यामुळे माणूस गुदमरत असताना यंत्र ९९ दाखवू शकतं. खरं मोजायचं तर रक्त को-ऑक्सिमीटरवर लावावं लागतं, बऱ्याच एबीजी मशीनमध्ये ती सोय असते. डॉक्टरांना त्यासाठीच नेमकं सांगायचं.

आणि वर मी सुटण्याबद्दल एवढं का लिहिलं ते इथे कळेल. वहिनींसारखं हिमोग्लोबिन निम्मं असलेली बाई चालते-फिरते. पण निम्म्या जागा कार्बन मोनॉक्साइडने अडवलेला माणूस कोसळतो, जीवही जातो. दोघांच्या रक्तात ऑक्सिजन जवळपास सारखाच. फरक असा की हा वायू चारपैकी एखाद-दोन जागांवर बसला की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही रेणू घट्ट धरून ठेवतो, पेशींजवळ सोडतच नाही. (वायूचे इतरही घातक परिणाम आहेत, पण हा मोठा.) इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात खाणीतल्या मृत्यूंचा छडा लावताना हा वायू स्वतः हुंगून, स्वतःचं रक्त तपासून परिणाम नोंदवले होते.

साध्या हवेत तो रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर सुमारे सव्वा ते दीड तास. म्हणजे वहिनींना ज्या ऑक्सिजनचा उपयोग नव्हता तोच इथे औषध आहे. गिझर बाथरूमच्या बाहेर हवेशीर जागी घ्या नाहीतर इलेक्ट्रिक बसवा. नुसती खिडकी उघडी ठेवून भागवू नका.

कोपरीकर

बंद केला. आईला घेऊन निघतोय.

नेरुळ_बारावी

आता आलेख पाठ करायची गरज उरली नाही. डावीकडे सरकणं म्हणजे घट्ट धरणं, गर्भ आणि कार्बन मोनॉक्साइड. उजवीकडे म्हणजे सोडणं: ताप, आम्ल, कार्बन डायऑक्साइड, बीपीजी. बरोबर?

लॅबवाली_ठाणे

अगदी बरोबर. आणि पेपरात शिळ्या रक्ताची पिशवी आली तर तीही डावीकडे.

ऐरोलीकर

फिजिशियनकडून आत्ताच आलो. फेरिटिन अगदी कमी, म्हणजे लोहाचा साठा रिकामा. ईसीजी ठीक आहे. तूर्त रक्त नको म्हणाले, शिरेतून लोह देणार, आणि रक्तस्रावाचं कारण शोधायला सोनोग्राफी सांगितली. वर आल्यावर नाडी बघितली ताई, १३२. बसल्यावरही बराच वेळ शंभराच्या वर होती. आता काय बघत राहायचं?

लॅबवाली_ठाणे

चांगले डॉक्टर भेटले. सोनोग्राफी टाळू नका. कारण सापडलं नाही तर भरलेलं लोह महिन्यागणिक पुन्हा वाहून जाईल. हिमोग्लोबिन १३ असताना १ मिलि रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं आणि जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागतं, यावरून ताळा करा.

लोह मिळालं की आठवडा-दहा दिवसांत रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोऱ्या तांबड्या पेशी, वाढलेल्या दिसतात. हिमोग्लोबिन महिनाभरात दीड-दोन ग्रॅमने चढायला हवं. नाही चढलं तर डॉक्टरांना विचारा. बरं वाटायला मात्र आधीच लागेल. तोवर जिन्यात थांबावंसं वाटलं की थांबू द्या, जड पिशव्या तुम्ही उचला. पुढे गोळ्या दिल्या तर चहा त्यांच्याजवळ नको, तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. आणि हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून गोळ्या बंद करू नका, साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. फेरिटिन पुन्हा तपासून मगच डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवा.